लघवीची पिशवी कुठे टांगायची आणि नळी कधी काढायची

रुग्णालयातून सुट्टी मिळते तेव्हा कागदावर गोळ्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात, टाके कधी काढायचे ते असतं, पुढच्या तपासणीची तारीख असते. लघवीच्या नळीबद्दल मात्र बहुतेक वेळा दोनच शब्द सापडतात: कॅथेटर केअर. म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायचं घरच्यांना त्या गडबडीत सुचत नाही आणि सांगायला कुणाला वेळ नसतो. मग घरी आल्यावर पिशवी कधी सलाईनच्या स्टँडला उंच टांगली जाते, कधी कॉटखाली फरशीवर पडून राहते. पंधरा दिवसांनी थंडी वाजून ताप आला की सगळे म्हणतात, नळीमुळे इन्फेक्शन झालं. नळीमुळे होतंच. पण बऱ्याचदा त्यात पिशवी हाताळण्याचा वाटा मोठा असतो.

आधी ही नळी आत कशी बसलेली असते ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटत जाईल. तिला फोली कॅथेटर म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३०च्या दशकात ती तयार केली. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) ऑपरेशननंतरचा रक्तस्राव आतून दाब देऊन थांबवावा, म्हणून त्यांनी नळीच्या टोकाशी फुगा बसवला होता. पेटंट त्यांच्या हातून गेलं, नाव मात्र राहिलं. आज त्या फुग्याचं मुख्य काम नळी मूत्राशयातून बाहेर सरकू न देणं एवढंच आहे.

नळीत दोन मार्ग असतात. मोठ्या मार्गाने लघवी पिशवीत येते. दुसरा अगदी बारीक, त्यातून फुग्यात पाणी भरतात, साधारण १० मिली. हे पाणी निर्जंतुक साधं पाणी असावं, सलाईन नको, कारण सलाईनमधल्या मिठाचे खडे त्या बारीक मार्गात जमले तर नळी काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही. बाहेर दिसणाऱ्या दोन फाट्यांपैकी रंगीत झडप असलेला फाटा फुग्याचा. त्याला घरी कुणीही हात लावायचा नाही. रंगावरून नळीचा आकार कळतो: हिरवा म्हणजे १४ नंबर, नारिंगी १६, लाल १८. नंबराला तीनने भागलं की बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये येते, म्हणजे १६ नंबरची नळी पाच मिलिमीटरपेक्षा थोडी जाड. प्रौढ माणसाला साधारण १२ ते १६ नंबर पुरतो. ‘गळतेय, जाड नळी घाला’ असा आग्रह नातेवाईक कधी कधी धरतात. जाड नळीने मूत्रमार्गाला जास्त इजा होते आणि गळती थांबतेच असं नाही. गळतीचं कारण बहुधा वेगळंच असतं, ते पुढे येईलच.

जंतू कुठून चढतात

मूत्राशय एरवी स्वतःची सफाई स्वतः करतं. भरतं, जोरात रिकामं होतं, आणि मूत्रमार्गातून वर यायला बघणारे जंतू त्या धारेबरोबर बाहेर फेकले जातात. नळी घातली की ही धारच बंद होते. लघवी थेंबथेंब वाहत राहते, मूत्राशय कधी भरत नाही आणि पूर्ण रिकामंही होत नाही, कारण नळीची छिद्रं फुग्याच्या वर असतात आणि फुग्याच्या पातळीखाली थोडी लघवी कायम साचलेली राहते.

जंतूंना वर चढायला दोन रस्ते मिळतात. एक नळीच्या बाहेरून, म्हणजे जिथे ती शरीरात शिरते तिथल्या कातडीवरून. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे त्यांच्यात हा रस्ता फारच जवळचा. दुसरा रस्ता नळीच्या आतून: पिशवीची तोटी, पिशवी आणि नळीचा जोड, आणि पिशवीत साठलेली लघवी. एकदा जंतू पोचले की पाणी साठवलेल्या माठाला आतून बुळबुळीत थर धरावा तसा ते नळीच्या भिंतीवर थर धरतात. या थराच्या आत असलेल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. म्हणूनच नळी आत असताना कोर्स संपला की तेच दुखणं परत येतं.

रोज किती लोकांच्या लघवीत नव्याने जंतू येतात, याचा अंदाज नळी असलेल्यांपैकी ३ ते ७ टक्के असा आहे. दिवसागणिक ते साठत जातं. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. हे वाचून घाबरायचं कारण नाही. पण एक गोष्ट इथेच पक्की समजून घ्यायला हवी, कारण सर्वांत जास्त औषधं वाया जातात ती हिच्यावर.

लघवीत जंतू असणं आणि इन्फेक्शन होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी नळी असलेल्या माणसाची लघवी तपासायला दिली की रिपोर्टमध्ये पस सेल्स (पू-पेशी) वाढलेले दिसणार, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काही तरी उगवणार, हे जवळपास ठरलेलंच. लघवी गढूळ झाली, वास येतोय, एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं. पाणी कमी प्यायलं तरी वास येतो. ताप, थंडी वाजणं, कमरेच्या वर बरगडीखाली पाठीत दुखणं, ओटीपोटात नव्याने सुरू झालेल्या कळा, रक्तदाब खाली जाणं, वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलू लागणं, अशी लक्षणं असतील तर मात्र तपासणी आणि औषध दोन्ही लागतात. लक्षणं नसताना ‘बघू तरी काय येतंय’ म्हणून कल्चर करू नये. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण हे याला मुख्य अपवाद. उगाच दिलेल्या औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात, आणि खरोखर गरज पडते तेव्हा इंजेक्शनशिवाय पर्याय उरत नाही.

खरोखर इन्फेक्शनची शंका असेल तर नमुना पिशवीतून घ्यायचा नाही. पिशवीतली लघवी तासन्‌तास खोलीच्या तापमानात पडलेली असते, तिच्यात काहीही वाढलेलं असू शकतं. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी नळी बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा. जुन्या नळीतून घेतलेलं कल्चर बऱ्याचदा त्या थराचा पत्ता सांगतं, मूत्राशयाचा नाही.

पिशवी

लघवीची पिशवी, म्हणजे युरोबॅग, सहसा दोन लिटरची असते. तिच्याबद्दलचा पहिला नियम म्हणजे ती चोवीस तास मूत्राशयाच्या पातळीच्या खाली राहिली पाहिजे. झोपताना, बसताना, चालताना, रिक्षातून जाताना, नेहमीच. पिशवी वर गेली की साठलेली लघवी, तिच्यातल्या जंतूंसकट, मूत्राशयात परत जाते. काही पिशव्यांमध्ये उलटं जाऊ नये म्हणून झडप असते, पण तिच्यावर विसंबू नका.

ही चूक कधी होते ते वॉर्डात उभं राहिलं की दिसतं. पेशंटला एक्स-रेला न्यायचं असतं. स्ट्रेचर येतं, मामा आणि मावशी मिळून पेशंटला उचलतात आणि सोयीचं म्हणून पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून देतात. पुढची दहा-पंधरा मिनिटं ती तिथेच असते, लिफ्टची वाट बघत. अशा वेळी नातेवाइकांनी बिनधास्त सांगावं, ‘मामा, पिशवी खाली अडकवा ना.’ कुणी रागावत नाही. उलट आधी पिशवी रिकामी करून घेतली तर आणखी बरं. व्हीलचेअरवर मांडीवर घेऊन बसण्याचंही तेच. चालणाऱ्या पेशंटने पिशवी हातात धरली तर हात खाली सोडून, कमरेच्या खाली धरायची. सलाईनचा स्टँड फक्त सलाईनसाठी आहे.

पण खाली म्हणजे फरशीवर नाही. कॉटच्या खालच्या दांडीला, तोटी जमिनीला टेकणार नाही अशा बेताने अडकवायची. घरी पलंगाला दांडी नसेल तर बाजूला ठेवलेल्या खुर्चीची आडवी पट्टी चालते, किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेल्या स्वच्छ बादलीच्या कडीला पिशवी अडकवायची, बादलीत लोळू द्यायची नाही. नळीचा लांब भाग पलंगाखाली झोपाळ्यासारखा लोंबू लागला तर त्या खोलगट भागात लघवी अडते आणि पुढे सरकत नाही. ज्यादा नळी गादीवरच अलगद गोल करून ठेवा आणि तिथून सरळ खाली उतरू द्या.

पिशवी दोन तृतीयांश भरण्याआधीच रिकामी करायची. काठोकाठ भरू दिली तर दोन किलोचं वजन थेट नळीला, म्हणजे शरीराच्या नाजूक तोंडाला लटकतं. रिकामी करताना हात साबणाने धुवायचे, जमल्यास हातमोजे घालायचे, आणि तोटी भांड्याला टेकू द्यायची नाही. शेवटचे थेंब पुसायला स्पिरिटचा बोळा पुरे. भांडं त्या एकाच पेशंटचं असावं. एकाच मगाने पाच कॉटच्या पिशव्या रिकाम्या करत जाणं ही आपल्या वॉर्डांतली फार जुनी आणि फार वाईट सवय आहे. एका पेशंटचा जंतू दुसऱ्याला पोचवायला याहून सोपी सोय शोधून सापडायची नाही. पिशवी रिकामी केल्यावर हात पुन्हा धुवायचे. डॉक्टरांनी मोजायला सांगितलं असेल तर किती मिली आणि किती वाजता, हे वहीत लगेच लिहायचं. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी, असा ढोबळ हिशेब.

नळी आणि पिशवीचा जोड कारणाशिवाय उघडायचा नाही. तो बंद राहणं हेच इन्फेक्शन टाळण्याचं सर्वांत जुनं आणि सर्वांत खात्रीचं साधन आहे. पिशवी गळू लागली, फाटली, फार खराब झाली किंवा नळीच बदलायची असली की पिशवी बदलायची. दीर्घकाळ नळी असलेल्यांसाठी घरगुती देखभालीत आठवड्याने बदलायला सांगतात. जोड चुकून निसटला तर सुटलेलं टोक तसंच परत खुपसू नये. नळीचं तोंड स्पिरिटने पुसून नवी पिशवी जोडावी.

ताण आणि सफाई

नळी मांडीला चिकटपट्टीने बांधलेली हवी. ही गोष्ट घरी नव्वद टक्के विसरली जाते असं मी म्हणेन, हा माझा अंदाज, आकडेवारी नाही. बांधलेली नसली की कूस बदलताना, उठताना, पिशवीवर कुणाचा पाय पडला की प्रत्येक वेळी फुगा मूत्राशयाच्या तोंडावर ओढला जातो. रक्त येतं, कळा येतात. पुरुषांमध्ये महिनोन्‌महिने एकाच बाजूला ताण राहिला तर लिंगाचं तोंड खालच्या बाजूने अक्षरशः चिरत जातं. स्त्रियांना मांडीच्या आतल्या बाजूला, पुरुषांना मांडीच्या वरच्या भागावर किंवा ओटीपोटावर चिकटवतात. पाय पूर्ण पसरला तरी नळी ताणली जाणार नाही इतकी ढिलाई ठेवायची. दर दोन-तीन दिवसांनी पट्टी काढून, कातडी धुऊन-कोरडी करून दुसऱ्या मांडीवर लावायची. म्हाताऱ्या माणसांची कातडी मायक्रोपोरच्या चिकटपट्टीबरोबर निघून येऊ शकते, तिथे कापडी पट्टा बरा.

सफाई फार साधी आहे, आणि लोक ती उगाच अवघड करतात. रोज एकदा, आणि शौचानंतर, साधा साबण आणि पाणी. बस. डेटॉल नको, बीटाडिन रोज नको, पावडर नको, मलम नको. जंतुनाशकांचा रोजचा वापर साबणापेक्षा सरस ठरलेला नाही, कातडी मात्र चुरचुरते. स्त्रियांनी पुढून मागे धुवायचं, उलट कधीच नाही. नळी पुसताना शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसायची, एका हाताने ती शरीराजवळ धरून, म्हणजे ओढ बसत नाही. पुरुषांची सुंता झालेली नसेल तर कातडी मागे घेऊन धुवायची आणि लगेच पुढे आणायची. ती मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन अडकून बसते आणि मग रात्री धावपळ. पेशंट बेशुद्ध किंवा अंथरुणाला खिळलेला असेल तर तो दुखतंय म्हणून सांगणारही नाही, त्यामुळे धुणाऱ्याने दोनदा बघायचं.

अंघोळ चालते, नळीसकट. पाणी भरपूर प्यायचं, दिवसाला दोन ते अडीच लिटर, हृदय किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल तर. लघवी फिकट पिवळी दिसली की पुरेसं झालं. शहाळ्याचं पाणी कुणी नेमाने देत असेल आणि किडनी कमजोर असेल तर आधी विचारून घ्या, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

नळीच्या बाजूने गळतं तेव्हा

नळी असूनही कपडे ओले होतात, म्हणजे नळी निकामी झाली असं नाही. सर्वांत आधी नळी कुठे दुमडली आहे का, पेशंट तिच्यावर झोपला आहे का, पिशवी भरली आहे का, हे बघा. मग विचारा, चार दिवसांत पोट साफ झालं का? बद्धकोष्ठामुळे फुगलेलं मलाशय मूत्राशयाला मागून दाबतं, नळीलाही दाबतं, आणि लघवी बाजूने वाट काढते. एक एनिमा जे काम करतो ते कधी कधी नवी नळीही करत नाही. तिसरं कारण म्हणजे मूत्राशयाला नळी आणि फुगा टोचत राहिल्याने येणाऱ्या कळा. त्यावर गोळ्या आहेत, डॉक्टर देतात.

चौथं कारण नळी बंद पडणं. प्रोटियससारखे काही जंतू लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि त्यातले क्षार नळीच्या छिद्रांवर खडूसारखे जमतात. काही पेशंटची नळी दर दोन-तीन आठवड्यांनी अशी तुंबते. त्यांची नळी तुंबायच्या आधीच बदलायची असते, म्हणून तारखा लिहून ठेवायच्या. इतरांसाठी साधारण हिशेब असा: टेफ्लॉनचा लेप दिलेल्या लेटेक्सच्या नळीला चार आठवड्यांपर्यंत, पूर्ण सिलिकॉनच्या नळीला बारा आठवड्यांपर्यंत. कुठली घातली आहे ते पाकिटावर असतं, ते पाकीट फेकू नका.

लघवी पूर्ण बंद, ओटीपोट फुगलेलं आणि दुखतंय, दुमड कुठेच नाही, अशा वेळी सुईविना सिरिंज लावून स्वतः पाणी ढकलायचा प्रयोग करू नका. दवाखान्यात जा. पाठीच्या कण्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्या पेशंटच्या बाबतीत तर मिनिटंही महत्त्वाची. त्यांची नळी तुंबली की रक्तदाब भयानक चढतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. ताबडतोब उठवून बसवा, घट्ट कपडे सैल करा, नळीची दुमड काढा, आणि वाट न बघता मदत बोलवा.

एक विचित्र प्रकार सांगून ठेवतो, कारण तो पाहिला की घरात रडारड होते. अंथरुणाला खिळलेल्या, बद्धकोष्ठ असलेल्या वयस्कर बायकांची पिशवी एखाद्या सकाळी जांभळी दिसते. लघवी नव्हे, पिशवी आणि नळी. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून (प्रथिनांतल्या एका घटकापासून) बनलेला एक पदार्थ लघवीत येतो, काही जंतू त्याचे निळे आणि लाल रंग बनवतात, आणि ते प्लास्टिकमध्ये मुरतात. दिसायला भयंकर, पण बहुधा निरुपद्रवी. डॉक्टरांना दाखवा, पोट साफ ठेवा, नळी-पिशवी बदलून घ्या.

लघवी लालसर होणं मात्र वेगळं. नळी घातल्यावर किंवा ओढली गेल्यावर एखाद-दोन वेळा गुलाबी छटा चालते. गाठी येत असतील, रंग गडद होत असेल, तर थांबू नका.

काढायची कधी

नळीची सर्वांत चांगली काळजी म्हणजे ती लवकर काढणं. सगळी स्वच्छता पाळली तरी दिवसांबरोबर धोका वाढतोच. लघवी तुंबली असेल, मोठं ऑपरेशन झालं असेल, अतिदक्षता विभागात तासातासाची लघवी मोजायची असेल, कमरेच्या खालच्या जखमेवर लघवी सांडत असेल, किंवा शेवटच्या दिवसांत रुग्णाला आराम हवा असेल, तर नळी हवीच. पण अंथरूण ओलं होतं, चादर बदलायला माणूस नाही, एवढ्यासाठी घातलेली नळी चुकीची. तिथे डायपर आहे, पुरुषांसाठी बाहेरून कंडोमसारखं चढवायचं कंडोम कॅथेटर आहे, युरिन पॉट आहे. मूत्राशय रिकामं होत नाही अशांसाठी दिवसातून ठरावीक वेळा पातळ नळी घालून लगेच काढून टाकायची पद्धत आहे. मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवलं की त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ हात पुरतात. आज कितीतरी लोक हे घरच्या बाथरूममध्ये स्वतः करतात.

नळी नको तितके दिवस राहते, त्याचं एक कारण चक्क विसर हे आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत नळी असलेल्या २८ टक्के पेशंटच्या बाबतीत डॉक्टरांना ती आहे हेच माहीत नव्हतं. चादरीखाली असते, दुखत नाही, कुणी विचारत नाही. म्हणून राउंडला डॉक्टर आले की रोज विचारा, ‘डॉक्टर, नळी अजून लागणार का?’ सिस्टरला विचारा. घरी पाठवताना तर तारीख लिहूनच घ्या.

काढण्याआधी दोन दिवस नळी चिमटा लावून बंद-उघड करायची, मूत्राशयाला सवय लागते, असं अनेक ठिकाणी अजून सांगतात. अल्पकाळ ठेवलेल्या नळीसाठी याचा फायदा दिसलेला नाही. उलट चिमटा काढायला विसरले तर मूत्राशय ताणलं जातं. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेल्या पुरुषांना काढण्याआधी काही दिवस टॅम्सुलोसिनसारखी गोळी देतात, तिचा उपयोग होतो.

नळी घरी कुणी काढायची नाही, आणि कात्रीने तर अजिबात कापायची नाही. फुग्यातलं पाणी सुईविना सिरिंजने हळूहळू काढून घेतात आणि मगच नळी ओढतात. गोंधळलेला पेशंट फुगलेल्या फुग्यासकट नळी उपसून काढतो तेव्हा मूत्रमार्ग फाटू शकतो, रक्त येतं. अशा वेळी नवी नळी घालायची घाई न करता मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा.

काढल्यावर पहिल्या एक-दोन वेळा जळजळ होते, वारंवार जावंसं वाटतं, थोडी गळतीही होते. दिवसा-दोन दिवसांत कमी होते. नेहमीएवढं पाणी प्या, एकदम तांब्यावर तांब्या रिचवू नका. सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा ओटीपोट फुगून दुखायला लागलं, किंवा थेंबथेंबच होतेय, तर रात्र काढायची नाही, त्याच दिवशी परत जायचं. म्हणूनच शहाणे डॉक्टर नळी सकाळी लवकर काढतात, संध्याकाळी नाही.